जिराफाचा हिशेब

पत्र असं आहे (थोडं कापून):

"ताई, सलाम.

आम्ही दोघं मूळचे भायखळ्याचे. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, हे एका मिशन संस्थेत. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आम्ही केनियात, मोंबासाला सेवेसाठी गेलो. तिसरं वर्ष चालू आहे. हे तिथल्या एका लहानशा बायबल प्रशिक्षण शाळेत शिकवतात. मी मुलींचं वसतिगृह बघते, म्हणजे भाजीबाजारापासून तापाच्या गोळ्यांपर्यंत सगळं. सोमवार ते शुक्रवार मान वर करायला फुरसत नसते, रविवारी उपासना. उरतो तो शनिवार. त्या शनिवारी मी कधी किल्ला पाहिला, कधी समुद्रावर जाऊन बसले.

सध्या रजेवर मुंबईत आहोत. चर्चच्या महिला मंडळाने सेवेची माहिती सांगायला बोलावलं. मोबाइल टीव्हीला जोडून फोटो दाखवले. मी जिराफाला हातावर खाऊ घालतेय असा फोटो आला, तशा मागून एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, 'म्हणजे आमच्या अर्पणाच्या पैशात जिराफ जेवतोय होय!' सगळ्या हसल्या. मीही हसले. पण पुढच्या रविवारी कमिटीतल्या एकांनी यांना बाजूला घेतलं आणि फिरण्याचा खर्च कुठून होतो, असं विचारलं. तेव्हापासून यांनी ठरवूनच टाकलंय, उरलेली दोन वर्षं कुठे जायचं नाही आणि एकही फोटो कुणाला पाठवायचा नाही. 'आपण पर्यटक नाही,' एवढंच म्हणतात. खरं सांगू का, मी आधीपासूनच फोटोंचे दोन ढीग करत होते. चर्चमधल्या मंडळीच्या ग्रुपवर वसतिगृहाचे, बहिणींच्या ग्रुपवर समुद्राचे.

त्यात नणंद म्हणते, मे महिन्यात आम्ही चौघं येतो, राहायला तुमचं वसतिगृह आहेच, सफारी तेवढी दाखवा.

माझं चुकतंय का? देवाच्या कामाला गेलेल्या माणसाने समुद्र बघू नये का?

– भायखळ्याची, सध्या मोंबासाची"

सलाम.

समुद्र बघा. उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर तुमच्या घरातली आणि मंडळीतली कुरबुर मिटायची नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं बोलू. तुमच्या पत्रात पैशाबद्दल सगळ्यात कमी लिहिलंय आणि भांडण सगळं त्याच्यावरूनच आहे. तुमच्याकडे दोन तऱ्हेचा पैसा येतो. एक वसतिगृहाचा आणि शाळेचा: तांदूळ, गॅस, औषधं, वह्या. तो दुसऱ्याचा पैसा. त्याच्या एकेका शिलिंगाची पावती ठेवा आणि कुणी मागो न मागो, ठरावीक मुदतीने हिशेब पाठवत जा. दुसरं तुमचं दोघांचं मानधन. ते हातात पडलं की तुमचं. त्यातून साडी घ्या, मुलीला पाठवा नाहीतर जिराफाला खाऊ घाला, त्याचा हिशेब मागायचा अधिकार कमिटीला नाही. तुम्हीही आपण होऊन तो देऊ नका. आज तिकिटाचा दिलात तर उद्या आइस्क्रीमचा द्यावा लागेल.

आपल्या मंडळ्यांचे पाळकसाहेब मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन पाचगणी-महाबळेश्वर करून येतात. त्यांचा पगारही त्याच अर्पणाच्या थैलीतून होतो. वेण्णा लेकवरच्या घोड्याचं भाडं त्यांना कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही, आणि विचारूही नये. मग सात समुद्रापार गेलेल्या माणसालाच का विचारायचं? त्याचं कारण आहे, आणि ते वाईट नाही. मिशनरीसाठी जमणारा पैसा आपल्याकडे कसा जमतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कापणीच्या सणाला एक लिंबू लिलावात चढत चढत शंभराच्या वर जातं. महिला मंडळ करंज्या-चिवड्याचा स्टॉल लावतं. कुणी पेन्शनमधून पाकीट देतं. ज्या बाईने करंज्या लाटल्यात तिच्या डोळ्यांसमोर त्या पैशाचं एक चित्र असतं, आणि त्या चित्रात जिराफ नसतो. तिची थट्टा बोचरी होती, मान्य. पण ती हिशेबाची मागणी नव्हती. मागणी नंतर झाली, कमिटीवाल्याकडून, आणि त्याला एका वाक्यात उत्तर होतं: "फिरतो ते सुटीच्या दिवशी, आमच्या मानधनातून." यजमानांनी हे वाक्य बोलायचं सोडून शपथ घेतली, तिथे सगळं अडलं. रजा संपायच्या आत त्यांनी त्या गृहस्थांना गाठावं आणि ते वाक्य बोलून टाकावं. लेखी काही देऊ नये. रुसवा तर अजिबात दाखवू नये. चहा घेता घेता सांगितलं तर उत्तम.

एक मात्र तपासा. शनिवारी वसतिगृहाची गाडी नेता का? पत्रात "गाडीने गेलो" असं दोनदा आलंय, गाडी कुणाची ते आलेलं नाही. वसतिगृहाची असेल तर कमिटीवाल्याचा प्रश्न रास्त ठरतो. डिझेलचे पैसे तिथल्या तिथे भरून पावती फाइलला लावा, किंवा सरळ मटाटूने, म्हणजे तिथल्या मिनीबसने जा. टुकटुक रिक्षा तर दाराशी येते, आणि ती कित्येकदा आपल्याच बजाजची असते.

आता फोटो. दोन ढीग करता हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, तेव्हा माझ्याकडून बोलून घ्या. फिरण्यात तुमचं काही चुकलेलं नाही, लपवण्यात चुकतंय. मंडळीच्या ग्रुपवर तीन वर्षं रांगेत उभ्या मुली, फळ्यासमोर उभे यजमान, नाताळचा केक असंच जात राहिलं आणि एकदम जिराफ दिसला. तीन वर्षांत एखादा बाजार, एखादी फेरीबोट, एखादा पाऊस मध्ये दिसला असता तर जिराफ आल्यावर कुणाच्या भुवया वर गेल्या नसत्या.

तुमच्या पत्राचं दुसरं पान मी वर छापलेलं नाही. त्यात तुम्ही पाण्याचं लिहिलंय. नळ कोरडा पडला की पिवळ्या जेरीकॅनची हातगाडी येते. एकेका कॅनमध्ये वीस लिटर. गाडीवाल्याशी भाव ठरवायचा, कॅन मोजून घ्यायचे, मग आंघोळीला मुलीमागे किती आणि स्वयंपाकाला किती ते तुम्ही खडूने भिंतीवर लिहिता. परीक्षेच्या दिवशी मोठ्या मुलींना अर्धा कॅन जास्त. हे वाचताना मला वाटलं, भायखळ्याच्या चाळीत वाढलेल्या कुठल्याही बाईला पहाटेची पाण्याची वेळ आठवेल आणि तिचे डोळे टीव्हीवरून हलणार नाहीत. खडूच्या आकड्यांच्या त्या भिंतीचा फोटो तुमच्याकडे आहे का? नसणारच. रोजचं आहे म्हणून काढला नाही. परत गेल्यावर पहिला तो काढा.

लिकोनीच्या फेरीचाही काढा. मोंबासा बेट आणि दक्षिणेचा किनारा यांच्यामध्ये ती बोट जाते, चालत जाणाऱ्याला फुकट. सकाळी तिच्यावर जी माणसं चढतात ती पाहिली तर आपली विरार लोकल जरा ऐसपैस वाटेल. सकाळी टपरीवर मिळणारी माहाम्री आणि नारळाच्या दुधात शिजवलेली तूर, तिचाही काढा. ओल्या तुरीची आमटी करणाऱ्या आपल्या बायका त्यावर निदान अर्धा तास बोलतील. माणसांचे फोटो काढताना मात्र विचारून काढा. वसतिगृहातल्या मुलींचे तर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. बिचाऱ्या मुली कुणाच्या तरी अहवालात दीनवाण्या दिसतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

आणि जिराफाबद्दल नीट सांगितलंत का? नुसता फोटो पुढे सरकवला असेल. तुम्ही गेलात ते हालर पार्क. बांबुरीच्या सिमेंट कारखान्याने चुनखडीसाठी खणून खणून उघडाबोडका केलेला तो खड्डा होता. १९७१ पासून रेने हालर नावाच्या माणसाने तिथे झाडं लावायला सुरुवात केली. बरीचशी मेली. खारट, तापलेल्या खडकावर तगलं ते सुरूचं झाड, जे आपल्या अलिबाग-दापोलीच्या किनाऱ्यावर रांगेने उभं असतं. सुरूची सुयांसारखी पानं गळून नुसती साचत होती, कुजत नव्हती. मग हालर यांनी तिथे वाणी नावाच्या, पावसाळ्यात भिंतीवरून जाणाऱ्या त्या हजारपायी किड्यांचे जातभाई सोडले. त्यांनी ती पानं खाऊन माती तयार केली. त्या मातीवर आज जंगल उभं आहे आणि त्यात तुमचा जिराफ.  २००४ च्या त्सुनामीनंतर आईपासून तुटलेलं पाणघोड्याचं पिल्लू एका म्हाताऱ्या कासवाला चिकटून राहिलं, तेही इथेच. महिला मंडळाला हे सांगितलं असतं तर त्या ज्येष्ठ बाईच म्हणाल्या असत्या, पुढच्या वेळी आमच्यातर्फे पण एक मूठ खाऊ घाल गं.

यजमानांकडे वळते. "आपण पर्यटक नाही," हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पर्यटक आठवड्यात परत जातो. तुम्ही तिथे पाच वर्षं राहणार. राहत्या गावाचा किल्ला, बाजार, किनारा, पावसाची दिशा माहीत नसलेला माणूस त्या गावातल्या मुलांना शिकवणार काय? वर्गातला मुलगा म्हणाला, आमचं घर रबाईला, आणि मास्तरांना रबाई कुठे ते माहीत नाही, तर तो पुढे काही सांगायचा नाही.

मोंबासाजवळच्या रबाईचं नाव मुद्दाम घेतलं. तुमच्या यजमानांना मिशनचा इतिहास प्रिय असणार, तर त्यांना त्याच्याच आडून गाठा. मोंबासाच्या भागातलं पहिलं प्रॉटेस्टंट मिशन काढलं ते योहान लुडविग क्राप्फ या जर्मन माणसाने. १८४४ साली तो बायकोला, रोझीनला घेऊन आला. जुलैमध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती तापाने गेली, मागोमाग तान्ही मुलगीही. बेटासमोर न्यालीच्या बाजूला रोझीनची कबर आहे. तुम्ही अजून तिथे गेलेला नाही, असं तुमच्या यादीवरून दिसतं. जा. परदेशात मिशनरीची बायको म्हणून आलेल्या बाईची त्या किनाऱ्यावरची ती पहिली खूण आहे, आणि तुम्ही तीन वर्षं तिच्यापासून टुकटुकच्या अंतरावर राहताय.

दोन वर्षांनी क्राप्फच्या मदतीला योहानेस रेबमन आला. दोघांनी रबाईला ठाणं केलं आणि आत, देशाच्या अंतर्भागात, नवी ठिकाणं शोधत पायी निघाले. अशाच एका वाटचालीत मे १८४८ मध्ये रेबमनला किलिमांजारोचं पांढरं शिखर दिसलं. पुढच्या वर्षी क्राप्फला माउंट केनिया दिसला. दोघांनी लिहून कळवलं. लंडनमध्ये घरबसल्या आफ्रिकेचे नकाशे करणाऱ्या विद्वानांनी ते हसण्यावारी नेलं, विषुववृत्ताजवळ बर्फ कसा असेल म्हणून. बर्फ होताच. त्या दोघांना कुणी विचारलं नाही की सुवार्ता सांगायला पाठवलं होतं, तर डोंगर कसले बघत बसलात. म्हणजे, विचारलंही असेल. समित्या तेव्हाही होत्या. पण त्यांनी बघितलं आणि लिहिलं. पुढे रेबमन एकोणतीस वर्षं घरी न परतता तिथे राहिला आणि शेवटी डोळे गमावून परतला. त्याने पर्यटन केलं असं कोण म्हणेल?

मुंबईचंच उदाहरण हवं तर डॉ. जॉन विल्सन. ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे, ते. १८२९ साली पत्नी मार्गारेटबरोबर इथे आले. मराठी शिकायला दोघं आधी कोकणात हर्णैला जाऊन राहिले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सहा वर्षांत, १८३५ ला, इथेच गेल्या. विल्सन पुढे चाळीस वर्षं होते. त्या काळात त्यांनी पश्चिम भारतातली लेणी पायाखाली घातली, त्यांच्यावर अभ्यास करून लिहिलं. भायखळ्यात राहून भाऊ दाजी लाड संग्रहालयाची पायरी न चढलेली शेकडो माणसं मला माहीत आहेत, राणीच्या बागेत दरवर्षी जाऊनसुद्धा. विल्सनना परक्या मुलखातली लेणी बघायला वेळ झाला.

आता एक गोष्ट सांगते ती तुमच्या यजमानांच्या हातात द्या, कारण पुढच्या रजेत मंडळीसमोर बोलायला याच्याइतकं चांगलं काही मिळणार नाही. नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना माहीत आहे. तो ज्या शरणपूरवरून पडला ती चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, त्यांतल्या सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबई बंदरात उतरवत आणि त्यांतल्या कितीतरी जणांना नाशिकला शाळेत घालत. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली आणि नाशिकच्या बाजारात बोलायची भाषाही. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' असं नाव पडलं. १८६४ मध्ये त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर रबाईला, त्याच रेबमनच्या मदतीला गेले. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव लंडनपर्यंत पोचवायला बरोबर होता. लिव्हिंगस्टनचा दुसरा सोबती चुमा, तो मुंबईत आपल्या विल्सनसाहेबांच्या शाळेत राहिलेला. आणि १८७४-७५ च्या सुमाराला मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी नवी वसाहत वसवली, तिथेही शरणपूरची माणसं नेली. तिचं नाव फ्रेअरटाउन. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर, ज्यांच्या सन्मानासाठी आपलं फ्लोरा फाउंटन उभारलं, तेच. झांझिबारच्या सुलतानाशी बोलून १८७३ चा गुलामव्यापारबंदीचा तह घडवून आणण्यात त्यांचा हात होता.

फ्रेअरटाउनची घंटा अजून आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची चाहूल लागली की सावध करायला ती वाजवत असं सांगतात. त्या भागाला केंगेलेनी म्हणतात ते त्या घंटेवरून. मटाटूचा थांबाच आहे. तुम्ही त्या थांब्यावरून कितीदा गेला असाल.

म्हणजे बघा, महाराष्ट्रातून त्या किनाऱ्यावर सेवेला गेलेली तुम्ही पहिली माणसं नाही. दीडशे वर्षांपूर्वी नाशिकहून गेलेल्यांची घरं, चर्च, घंटा तुमच्या वसतिगृहापासून तासाभराच्या आत आहे. एका शनिवारी वसतिगृहातल्या मोठ्या मुलींना घेऊन यजमानांनीच रबाईला जावं. क्राप्फच्या नावाचं संग्रहालय आहे तिथे. त्या मुलींचं ते स्वतःचं गाव, स्वतःचा इतिहास, आणि तिकिटाच्या पैशापायी त्यांतल्या कितीजणींनी तो पाहिला नसेल. या फेरीचा खर्च खुशाल वसतिगृहाच्या खात्यात टाका आणि खुशाल हिशेबात दाखवा.

पण इथे एक धोका आहे आणि तो तुमच्यासारख्या कामसू बाईला जास्त आहे. एकदा हे जमलं की प्रत्येक शनिवार तुम्ही असाच सेवेला जुंपाल. किल्ला बघायचा तो मंडळीला सांगण्यासाठी, समुद्रावर जायचं ते साक्षीसाठी. तसं करू नका. काही शनिवार कुणाच्याही कामाचे नसू देत. फोर्ट जीझसच्या तटावर चढून बसा. १५९३ ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला तो. वसईच्या किल्ल्यात लहानपणी सहलीला गेलेल्या माणसाला ते बुरूज ओळखीचे वाटतात. ओमानच्या अरबांनी तीनेक वर्षं वेढा घालून १६९८ ला तो घेतला; आपल्या चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती १७३९ ला. हे सगळं आठवा किंवा काहीही आठवू नका. भाजलेल्या कणसाला तिखट-लिंबू लावून मिळतं तिथे, ते खा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात रानातली भूकमळं लक्षात आणा असं प्रभूने सांगितलंय. ती अहवालासाठी आणा, असं नाही सांगितलं.

यजमानांना तरीही यायचं नसेल तर त्यांना ओढू नका. काही माणसांना फिरण्याचा खरोखर कंटाळा असतो आणि ते त्याला तत्त्वाचं नाव देतात. त्यांना शनिवारी पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसू दे. तुम्ही जा. मात्र "आपण" कुठे जायचं नाही हे जे त्यांनी दोघांच्या वतीने ठरवून टाकलं, ते मान्य करू नका. शांतपणे सांगा की तुमचा शनिवार तुमचा, माझा माझा. तीन वर्षं तुम्ही त्यांच्या हाकेसरशी सामान बांधून गेलात, स्वतःची नोकरी सोडून. एवढं बोलायचा हक्क त्यातून नक्की मिळतो. आणि एकट्या जाऊ नका. वसतिगृहात स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंबद्दल तुम्ही इतकं मायेने लिहिलंय, त्यांना विचारा. त्यांच्या भाषेत तुमची गाडी "शिकामो" म्हणून मोठ्यांना नमस्कार करण्यापर्यंतच आली आहे म्हणता. एक दिवस त्यांच्याबरोबर जुन्या मोंबासाच्या गल्ल्यांत हिंडलात, नक्षीच्या दारांसमोर थांबत, भाव करत, की पुस्तकातल्या दहा धड्यांचं काम होईल.

कमिटीपेक्षा या बाईंच्या नजरेची मला जास्त काळजी वाटते. भायखळ्याच्या लोकांना तुमचं रोजचं दिसत नाही, या बाईंना दिसतं. आठवडाभर पाणी मोजून वापरायला लावणारी बाई शनिवारी भाड्याची मोठी गाडी करून पोहण्याच्या तलावाच्या हॉटेलात गेली, तर त्या काही बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील. तुम्ही तसं करता असं मी म्हणत नाही. पण खर्चाची मर्यादा कुठे घालायची हे मुंबईकडे बघून ठरवण्यापेक्षा शेजारच्या अंगणाकडे बघून ठरवा. मटाटूचं भाडं, टपरीचं खाणं, किल्ल्याचं तिकीट, यात कुणाला काही खुपणार नाही. वर्षातून एकदा शिंबा हिल्सला जाऊन हत्ती पाहिलेत तरी नाही. तुमचा तिथला परवाना दाखवायला विसरू नका. अभयारण्यात रहिवाशाला तिकीट परदेशी पाहुण्यापेक्षा पुष्कळ कमी असतं.

हेच नणंदेलाही कळवा, कारण ती सवलत तिला मिळायची नाही. चौघांचं परदेशी दराचं तिकीट आणि गाडीचं भाडं यांचा अंदाज काढून आत्ताच फोनवर पाठवून द्या, गोड शब्दांत, आकड्यांसकट. वसतिगृह मुलींचं आहे. तिथे पुरुष पाहुणे ठेवता येत नाहीत हे सांगताना "संस्थेचा नियम आहे" एवढंच म्हणा, "यांना आवडत नाही" असं म्हणू नका, नाहीतर भावाबहिणीत लागेल आणि मध्ये तुम्ही सापडाल. जवळचं एखादं साधं गेस्ट हाउस सुचवा. शनिवारचा दिवस आणि एक जेवण तुमच्याकडून. बाकी त्यांचं ते.

मे महिना तर अगदीच नको म्हणून सांगा. आपल्याकडे सुटी असते म्हणून मे, पण मोंबासाला मार्च ते मे मोठा पाऊस, आणि मेमध्ये सगळ्यात जास्त. किनारा भरून वाहत असतो, रस्ते चिखलाचे. दिवाळीच्या सुटीचं बघा म्हणावं, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी.

आणि पिवळ्या तापाची लस. केनियाहून परतणाऱ्याकडे लस घेतल्याचं प्रमाणपत्र नसलं तर आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. लस टोचून किमान दहा दिवस झाल्याशिवाय ते प्रमाणपत्र धरत नाहीत, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मुंबईत ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, वेळ आधी घ्यावी लागते. साठीच्या वरच्यांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावी, म्हणजे नणंदेच्या सासूबाई चौघांत असतील तर तो विषय निघेलच. किनाऱ्यावर मलेरिया असतो, त्याच्याही गोळ्या डॉक्टर सांगतील. हे सगळं एका निरोपात लिहून पाठवा. माझा अंदाज, चौघांचे दोघं होतील.